तांबड्या मातीचे गोळे आणि नजर सरकवणारा चष्मा: विज्ञान प्रदर्शनासाठी नेमाचा प्रयोग कसा करावा

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की आमच्याकडे व्हाळात मासे चढतात. लहानपणी मी रात्री आजोबांबरोबर बॅटरी आणि कोयता घेऊन जायचे. गुडघाभर पाण्यात मासा अगदी समोर दिसायचा, मी कोयता हाणायचे, आणि पातं त्याच्या पाठीवरून निघून जायचं. "माशार नको मारू गो, माशाच्या खाली मार!" आजोबा ओरडायचे. खाली मारायचं हे मला पहिल्याच रात्री समजलं होतं. माझ्या हाताला ते समजायला आणखी कितीतरी रात्री जाव्या लागल्या.

पाण्यातून बाहेर येताना प्रकाश वाकतो, म्हणून वरून सरळ पाहिलं तर पाण्यातली वस्तू खऱ्या खोलीच्या पाऊणपटच खोल दिसते. हे आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो. पण डोळा चुकीची जागा दाखवत असताना हात बरोबर जागी जायला कसा शिकतो, हे शिकवत नाही. त्यावर शाळेत करता येईल असा एक फार सुंदर प्रयोग आहे. मी सिंधुदुर्गात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि हा प्रयोग मुलांकडून तीनदा करून घेतला आहे. पहिल्या वर्षीची आमची सगळी निरीक्षणं वाया गेली. का गेली, ते पुढे चौथ्या पायरीत सांगते. प्रदर्शनासाठी पहिल्यांदाच प्रकल्प करणाऱ्या मुलांनी आणि त्यांच्या शिक्षकांनी तेवढी एक पायरी तरी नीट वाचावी.

प्रयोग थोडक्यात असा: समोरचं सगळं उजवीकडे सरकवून दाखवणारा चष्मा घालायचा आणि लक्ष्यावर मातीचे गोळे मारायचे. पहिले गोळे उजवीकडे जातात. दहा-पंधरा गोळ्यांत नेम परत मध्यावर येतो. मग चष्मा काढायचा आणि पुन्हा मारायचं. आता नजर अगदी नेहमीसारखी असते, तरी गोळे डावीकडे जातात.

काय काय लागेल

- साधा, नंबर नसलेला मोठ्या काचांचा गॉगल (काच पांढरी हवी) आणि त्यावर चिकटवायची प्रिझमची फिल्म
- बाजूने दिसू नये म्हणून काळा चार्ट पेपर आणि चिकटपट्टी
- चाळलेली तांबडी माती, दोन बादल्या, जुनी फडकी
- जुना फ्लेक्स. गणपतीच्या किंवा वाढदिवसाच्या शुभेच्छांचा कुठलाही चालेल, आपल्याला त्याची पांढरी पाठ हवी आहे
- मोजपट्टी, ओळंबा (दोरीला दगड बांधला तरी चालेल), मार्कर, आलेख कागद
- आरशाच्या प्रयोगासाठी छोटा आरसा आणि बुटांचं रिकामं खोकं

कागदपत्रं: निरीक्षण वही (तारखेसह, पेनाने लिहिलेली), प्रकल्प अहवाल, मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र, आणि ज्यांच्यावर प्रयोग करणार त्या प्रत्येक मुलाच्या पालकांची लेखी संमती. संमती बरेच जण विसरतात. आपण माणसांवर प्रयोग करतोय, तेव्हा चष्मा घालून थोडं गरगरेल, मळमळेल, नको वाटलं तर कधीही थांबता येईल, हे त्या पत्रात साध्या मराठीत लिहा. चक्कर किंवा फिट येणारी, अलीकडे डोळ्याचं ऑपरेशन झालेली मुलं घेऊ नका. बाकीचे प्रवेशाचे कागद त्या वर्षीच्या परिपत्रकात असतात, ते आधी वाचा.

१. आधी आरशात चांदणी काढा

हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि मार्गदर्शक शिक्षकाने ते स्वतः केलंच पाहिजे. कागदावर दुहेरी रेषेची पाच कोनांची चांदणी काढा. खोक्याची एक बाजू कापून त्यात हात घाला, म्हणजे हात आणि कागद थेट दिसणार नाहीत. समोर आरसा उभा करा आणि फक्त आरशात बघून दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवा.

सरळ रेषेवर फारसं अडत नाही. कोपरा आला की हात गोठतो. पेन्सिल पुढे न्यायची की मागे हे डोक्याला माहीत असतं, तरी ती जागच्या जागी थरथरत छोटे छोटे वेडेवाकडे फराटे ओढत राहते. पाच-सहा चांदण्यांनंतर तोच कोपरा हात न थांबता वळतो.

याच प्रयोगातून मेंदूविज्ञानातली एक मोठी गोष्ट कळली. हेन्री मोलेसन नावाच्या अमेरिकन माणसावर १९५३ साली फेफऱ्यासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्याला नवं काही लक्षात ठेवता येईना. ब्रेंडा मिलनर या संशोधिकेने त्याला सलग तीन दिवस आरशातली चांदणी काढायला लावली. आपण हे आधी केलंय हे त्याला आठवत नसे, पण चुका मात्र कमी होत गेल्या. हाताचं शिकणं आणि आठवण हे वेगवेगळ्या वाटांनी चालतं. अहवालाच्या प्रस्तावनेत हे जरूर घ्या.

२. चष्मा बनवा (इथे घाई करू नका)

चष्म्याच्या दुकानात 'फ्रेनेल प्रिझम' म्हणून पातळ प्लास्टिकची फिल्म मिळते. तिरळेपणासाठी ती वापरतात. गावात बहुधा नसते, जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या ठिकाणचा दुकानदार मागवून देतो. त्यासाठी हाताशी वेळ ठेवा. ताकद मागा २० प्रिझम डायऑप्टर. हे माप समजायला फार सोपं आहे: १ डायऑप्टर म्हणजे १ मीटरवर १ सेंटिमीटर सरकवणं. म्हणजे २० चा प्रिझम २ मीटरवरचं लक्ष्य ४० सेंटिमीटर सरकवून दाखवतो, कोनात साधारण ११ अंश.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो दिशेचा. प्रिझमच्या जाड कडेला पाया म्हणतात आणि दृश्य पायाच्या विरुद्ध बाजूला सरकतं. आपल्याला दोन्ही डोळ्यांचं दृश्य उजवीकडे हवं, म्हणून दोन्ही काचांवर पाया घालणाऱ्याच्या डाव्या हाताकडे यायला हवा. दुकानदार मात्र 'बेस इन', 'बेस आउट' या भाषेत बोलतात: पाया नाकाकडे की कानाकडे. आपल्या चष्म्यात डाव्या काचेला बेस आउट आणि उजव्या काचेला बेस इन लागतो. मी पहिल्या वेळी दोन्ही बेस इन करून आणले. घातल्याबरोबर शाळेसमोरच्या एका माडाचे दोन माड झाले आणि पाच मिनिटांत डोकं ठणकायला लागलं. म्हणून तोंडी सांगू नका. कागदावर चष्मा काढून बाण दाखवा आणि फिल्म कापायच्या आधी तिच्यावरही मार्करने बाण काढून घ्या.

फिल्म चिकटवताना एक बाजू बोटाला खरखरीत लागते, ती रेषांची. गुळगुळीत बाजू काचेच्या आतल्या अंगाला, पाण्यात बुडवून बसवा. बुडबुडे अंगठ्याने कडेला ढकला आणि रात्रभर वाळू द्या. आपल्या दमट हवेत रात्रभर म्हणजे खरोखरच रात्रभर.

मग तपासणी. पडवीच्या खांबाकडे असं बघा की खांबाचा खालचा भाग काचेतून आणि वरचा भाग काचेच्या वरून दिसेल. खांब तुटल्यासारखा दिसून काचेतला तुकडा उजवीकडे गेलेला असला पाहिजे. एक डोळा मिटून, मग दुसरा मिटून बघा. दोन्ही वेळा उजवीकडेच, तर चष्मा बरोबर. यानंतरच वरून आणि बाजूने काळा कागद लावून फटी बुजवा. फट राहिली की मुलं नकळत तिच्यातून खरं लक्ष्य बघतात.

३. लक्ष्य, माती, जागा

फ्लेक्सच्या पांढऱ्या पाठीवर मध्ये जाड उभी रेषा आणि दोन्ही बाजूंना दर ५ सेंटिमीटरवर बारीक रेषा आखा. फ्लेक्स किमान दीड मीटर रुंद हवा. भिंतीला ताणून बांधा आणि मधली रेषा ओळंब्याला धरून सरळ करा. २ मीटरवर जमिनीवर पावलांचे ठसे आखा, मारणाऱ्याने तिथून हलायचं नाही.

लक्ष्यावर मातीच का, तर गोळा लागेल तिथे चिकटतो आणि खूण ठेवतो. माणसांवरच्या या प्रयोगात संशोधकांनीही मातीचेच गोळे वापरले होते. आपल्याकडची तांबडी माती उत्तम, फक्त चाळून घ्या, जांभ्याचे खडे राहिले तर फ्लेक्स फाटतो. भाकरीच्या पिठापेक्षा किंचित घट्ट मळा आणि लिंबाएवढे गोळे करा. सैल झाली तर शिंतोडे उडून मध्य कुठला ते कळत नाही, सुकी झाली तर गोळा उडून परत येतो.

खळ्यात किंवा पडवीत करा, पण उजेड भरपूर हवा. पावसाळ्यात दुपारीही काळोखी येते, आणि गोळा कुठे लागला हे मारणाऱ्याला त्याच क्षणी दिसलं नाही तर शिकणं मंदावतं. हात चुकल्यावर चूक जराशी उशिरा दाखवली तरी हे समायोजन कमी होतं, असं प्रयोगशाळांत दिसलेलं आहे.

४. तीन टप्पे, आणि तिसरा टप्पा म्हणजेच प्रयोग

पहिला टप्पा, चष्म्याशिवाय: १५ गोळे. दुसरा, चष्मा घालून: ३० गोळे. तिसरा, चष्मा काढून: २० गोळे. हात तोच, खांद्यावरून मारायचं, प्रत्येक गोळ्यामध्ये साधारण सारखा वेळ.

पहिल्या वर्षी आम्ही दुसऱ्या टप्प्यालाच थांबलो. नेम मध्यावर आला, मुलांनी टाळ्या वाजवल्या, चष्मा काढला, डोळे चोळले, पाणी प्यायले, फ्लेक्सजवळ जाऊन आपापले डाग बोटाने दाखवले. मग कुणालातरी आठवलं की नंतरचे गोळेही मारायचे होते. ते सगळे जवळपास मध्यावरच लागले. त्या पाच-दहा मिनिटांत हातांनी जुना हिशोब परत लावून घेतला होता. परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला: "मुलांनी फक्त अंदाजाने डावीकडे नेम धरला नाही कशावरून?" आमच्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर तिसऱ्या टप्प्यात असतं. मुद्दाम डावीकडे नेम धरणारा मुलगा चष्मा काढल्यावर ते सोडून देईल आणि बरोबर मारेल. ज्याच्या हातानेच नवा मेळ बसवला आहे, त्याला कितीही सांगा, पहिले काही गोळे डावीकडे जाणारच. माझ्या वर्गातली मुलं याला 'उलटी चूक' म्हणतात आणि मला तो शब्द पुस्तकातल्या 'पश्चात परिणामा'पेक्षा आवडतो. हाताने शिकल्याचा पुरावा म्हणजे ही उलटी चूक.

ती पकडायची तर एवढं पाळा:

- तिसावा गोळा लागला की डोळे मिटायला सांगा. चष्मा दुसऱ्याने काढायचा.
- हात खाली, स्थिर. टाळ्या नाहीत, डोळे चोळणं नाही, चालणं नाही.
- पुढचा गोळा मिटल्या डोळ्यांनीच हातात द्या. "उघड" म्हटलं की डोळे उघडून लगेच मारायचं.
- चष्म्याशिवायच्या पहिल्या पाच गोळ्यांच्या नोंदी सगळ्यात मोलाच्या, त्यासाठी नोंद घेणारे दोघे ठेवा.

दुसरा सापळा शहाणपणाचा. मुलांना चष्मा काय करतो ते आधी समजावून "थोडं डावीकडे मार" असं सांगायचा मोह होतो. सांगू नका. पिएत्रो माझोनी आणि जॉन क्राकॉर यांनी २००६ साली याचाच एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर हाताची हालचाल ४५ अंशांनी फिरवून दाखवली आणि लोकांना युक्ती सांगून टाकली: शेजारच्या लक्ष्याकडे नेम धरा. लोकांनी लगेच बरोबर मारलं. पण पुढे मारता मारता त्यांचा हात मूळ लक्ष्यापासून हळूहळू दूर सरकत गेला. डोक्याने चूक भरून काढली होती, तरी हात आपल्या परीने तिचा हिशोब करतच राहिला. हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला व्हाळातल्या त्या रात्री आठवल्या.

म्हणून समजून घेण्याला किंमत नाही असं मात्र नव्हे. अमेरिकेत चार्ल्स जड यांनी १९०८ साली पाचवी-सहावीतल्या मुलांना पाण्याखाली १२ इंचांवर ठेवलेल्या लक्ष्यावर छोटे भाले मारायला लावले होते. काहींना प्रकाश वाकण्याचा नियम शिकवला, काहींना नाही. सुरुवातीला दोघांत फरक पडला नाही, सराव दोघांनाही करावाच लागला. मग लक्ष्य ४ इंचांवर आणलं. नियम माहीत असलेली मुलं लवकर सावरली, बाकीची गोंधळली. आमच्या व्हाळाचं पाणी रोज कमी-जास्त व्हायचं, आणि आजोबांना ते बघूनच कुठे मारायचं हे कळायचं, ते याच कारणाने असावं.

५. नोंदी आणि आलेख

फक्त आडवं अंतर मोजा: उजवीकडे अधिक, डावीकडे उणे. गोळा वर लागला की खाली, याचा इथे संबंध नाही. नोंद प्रत्येक गोळ्याला घ्या, शेवटी डाग मोजायला जाऊ नका, कुठला डाग कितवा हे कळत नाही. दर दहा-बारा गोळ्यांनी फ्लेक्स ओल्या फडक्याने पुसा.

चष्मा घातल्यावरचा पहिला गोळा पूर्ण ४० सेंटिमीटर चुकत नाही, कमीच चुकतो. त्यामुळे चष्म्यात दोष आहे असं समजू नका. आणि कृपा करून तीसही गोळ्यांची एक सरासरी काढू नका. शिकणं त्या तीस आकड्यांच्या उताराला आहे, सरासरी काढली की तो उतारच पुसला जातो. आडव्या अक्षावर गोळ्याचा क्रमांक, उभ्या अक्षावर चूक, आणि तिन्ही टप्पे एकाच आलेखावर. उजवीकडची उडी, हळूहळू शून्याकडे येणं, मग शून्याखाली डुबकी आणि परत वर, हा आकार दुरूनही दिसला पाहिजे.

६. तुमचा स्वतःचा प्रश्न निवडा

वर सांगितलेला प्रयोग ही झाली पाटी. तिच्यावर तुमचा एक प्रश्न लिहा, एकच. काही सुचवते:

खांद्यावरून मारून शिकलेला नेम हात खालून फेकताना लागू पडतो का? १९९६ सालच्या चष्म्याच्या एका अभ्यासात बहुतेकांना तो लागू पडला नव्हता. उजव्या हाताने शिकल्यावर डाव्या हाताने मारलं तर उलटी चूक येते का? दुसऱ्या दिवशी परत चष्मा घातला तर सावरायला कमी गोळे लागतात का?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न वेगळा आहे. एक मुलगी चष्मा घालून मारते, दुसरी तसाच चष्मा घालून शेजारी नुसती बघत बसते. नंतर दोघींचा चष्मा काढून दोघींना मारायला लावा. रिचर्ड हेल्ड यांनी दाखवून दिलं होतं की अशा बदललेल्या नजरेशी जुळवून घ्यायला स्वतःची हालचाल लागते. मात्र याला दोन चष्मे लागतील.

प्रिझमचा खर्च झेपत नसेल तर संगणकाचा माउस पाव फेरी फिरवून आडवा धरा आणि पडद्यावर काढलेल्या ठिपक्यांवर क्लिक करा. हाही याच जातीचा प्रयोग आहे, वेळ मोजायला सोपा.

७. परीक्षकांपुढे

मेंदूचा कुठला भाग, हे हमखास विचारतात. उत्तर: अनुमस्तिष्क, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूला खाली असलेला लहान मेंदू. १९९६ च्या त्याच अभ्यासात अनुमस्तिष्काला इजा झालेल्या अनेक रुग्णांना नेम सावरताच आला नाही, आणि उलटी चूकही दिसली नाही.

उपयोग काय, हेही विचारतात. पक्षाघातानंतर काही रुग्णांचं आपल्या डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही, ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते. फ्रान्समध्ये इव्ह रोसेटी आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांना साधारण १० अंश उजवीकडे सरकवणारे प्रिझम घालून बोट दाखवायला लावलं आणि चष्मा काढल्यावर त्यांचं डावीकडचं दुर्लक्ष कमी झालेलं दिसलं. हे १९९८ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे आपली उलटी चूकच तिथे औषधाच्या कामी आली. दुर्बिणीतून पोटाची शस्त्रक्रिया शिकणाऱ्या डॉक्टरांचं उदाहरणही द्या: मूठ डावीकडे नेली की पोटातलं टोक उजवीकडे जातं. आणि आपल्या किनाऱ्यावरचं उदाहरण विसरू नका. होडीच्या मागच्या इंजिनाचा दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते. ज्याच्या घरी होडी आहे असा एक मुलगा गटात असेल तर हे त्यालाच सांगू द्या, तो हातवारे करून सांगतो तसं आपल्याला जमत नाही.

कुणी म्हणेल, एवढ्याने काय होतं, नजर पार उलटीच केली तर? जॉर्ज स्ट्रॅटन यांनी १८९७ साली ते स्वतःवर केलं. एक डोळा झाकून, दुसऱ्यावर जग उलटं दाखवणारं भिंग लावून ते ८ दिवस वावरले, आणि शेवटच्या दिवसांत त्यांचे हात-पाय बरेच सुरळीत चालू लागले होते.

८. परत जाताना

प्रदर्शनात येणारा प्रत्येक जण चष्मा घालून बघायला मागतो, पाहुणेही. घालू द्या, पण काढल्यावर त्यांना सोडू नका. निदान शेवटचे पाच गोळे सरळ मध्यावर लागेपर्यंत मारायला लावा, मगच पायऱ्या उतरू द्या. सायकल किंवा दुचाकीने आलेल्यांना आणखी थोडा वेळ बसवून ठेवा. मागच्या वेळी आमच्या गटातल्या एका मुलीने चष्मा काढून लगेच टेबलावरचा पाण्याचा पेला उचलायला हात घातला, तो पेल्याच्या डावीकडे चार बोटांवर मिटला. ती आपल्या रिकाम्या मुठीकडे बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "बाई, पेला हलला नाही ना?" तेव्हापासून आमच्या टेबलावर पेल्याऐवजी झाकणाची बाटली असते, आणि शेजारी मातीच्या गोळ्यांची एक जास्तीची बादली, ओल्या फडक्याने झाकलेली.